पाटाची चार बोटं

गेल्या गणपतीत रोह्याच्या एका मंडळाची स्मरणिका माझ्या हाती आली. मंडळाला बरीच वर्षं झाली म्हणून काढलेली, गुळगुळीत कागदाची. तिच्यात जुन्या आठवणींच्या पानावर एक वाक्य आहे : 'एका वर्षी एका विद्वान सरांचा हिशेब चुकला आणि बाप्पाने पाचव्या दिवशीच आमचा निरोप घेतला.' वाक्यापुढे हसरा चेहरा छापला आहे. सरांचं नाव नाही, पण नावाची गरजही नाही. रोह्यात किंवा पेणमध्ये पन्नाशीच्या पुढच्या कुणालाही विचारा, ते मोकल सर हे लगेच सांगतील.

ते वाक्य खोटं आहे. पूर्ण खोटं की अर्धं, हे मला सोळा वर्षांत ठरवता आलेलं नाही. त्यात माझा जो भाग आहे तो मात्र मला नक्की ठाऊक आहे, आणि तो लिहायला मी बसलो आहे. मोकल सर आता नाहीत. मी सत्तरी ओलांडली आहे. मंडळाला मी या लेखाची एक प्रत देणार आहे. ते छापतील किंवा नाही, त्यांची मर्जी.

आम्ही दोघं पेणचे. नोकरी दोघांचीही रोह्याच्या बाजूला, एकाच तांत्रिक शिक्षणाच्या संस्थेत. मी सुतारकामाचा निदेशक. ते डिप्लोमाच्या मुलांना स्थितिशास्त्र शिकवायचे. वयानं ते माझ्याहून एकाच वर्षानं मोठे, पण पहिल्या दिवसापासून मी त्यांना सर म्हणालो आणि त्यांनी मला सदाशिव म्हटलं, ते शेवटपर्यंत तसंच राहिलं. सकाळच्या गाडीनं आम्ही जायचो. कासू, नागोठणे, निडी, रोहा. गाडीत बसायला जागा असली तरी सर उभे राहायचे, आणि कशालाही धरायचे नाहीत. पाय थोडे फाकवून, गुडघे किंचित सैल सोडून उभे. गाडी ब्रेक लावणार हे त्यांना आमच्या आधी कसं कळायचं कोण जाणे. आम्ही सगळे एकमेकांवर आपटायचो आणि ते नुसते थोडे मागे रेलल्यासारखे व्हायचे. "तू दांड्याला धरतोस, म्हणून पडतोस," असं ते मला म्हणाले होते. मी त्यावर बराच विचार केला. मला अजून ते कळलेलं नाही.

त्यांच्या कॅनव्हासच्या पिशवीत गवंड्याचा ओळंबा, स्टीलची पट्टी आणि सुतळीचा गुंडा कायम असे. डबा विसरायचा, ओळंबा विसरायचा नाही. कुठल्याही घरी गेले की आधी दाराची चौकट बघायचे. माझ्या घराच्या चौकटीला ओळंबा लावून ते म्हणाले होते, "डावीकडे झुकलीय. पण राहील." ती चौकट मीच बसवली होती. मला राग आला. मग रात्रभर मी ती डावीकडे झुकलेलीच बघत होतो.

त्यांचा वर्ग मी खिडकीतून पुष्कळदा ऐकला आहे, कारण माझी सुतारशाळा त्याच्या शेजारीच होती. वर्षाच्या पहिल्या तासाला ते फळ्यावर तीन रेघा ओढायचे आणि स्थितिशास्त्राच्या शाखा सांगायचे. घन पदार्थांचं, द्रवांचं, वायूंचं. मग म्हणायचे, "पुस्तकात लांब लांबची उदाहरणं हायत. आपल्याला लांब जायला नको. घन पदार्थ बघायचे तर पेणला गणपतीच्या कारखान्यात जा. द्रव बघायचे तर खाडीच्या बांधावर जा. आणि वायू बघायचे तर हितं कंपन्यांच्या टाक्या हायत, त्या बाहेरूनच बघा." मुलं हसायची. मग ते एखाद्या मुलाला भिंतीला पाठ आणि टाचा टेकवून उभा करायचे, त्याच्या पायापुढे खडू ठेवायचे आणि पाय न हलवता उचलायला सांगायचे. मुलगा वाकला की तोंडावर यायचा. दरवर्षी कुणीतरी एक पैलवान म्हणायचा मी उचलतो, आणि तोही यायचा.

"खडू एवढासा, आणि तुला उचलत नाय," ते म्हणायचे. "का? तुझं वजन तुझ्या पायांच्या पुढे गेलं. मागे भिंत, तिनं तुला मागे सरकू दिलं नाय. आता सांग, तू उभा होतास तेव्हा तुला कोण धरून होतं?"

हा त्यांचा मुख्य प्रश्न. कुठलीही गोष्ट स्थिर आहे, असं ते कधी म्हणत नसत. ती धरलेली आहे, असं म्हणत, आणि कुणी धरली आहे ते शोधायला लावत. त्यासाठी त्यांची एक रीत होती. फळ्यावर आधी सगळं चित्र काढायचं, शिडी, भिंत, जमीन, दोरी. मग शिडी तेवढी ठेवून बाकी सगळं पुसायचं, आणि जे जे पुसलं त्याच्या जागी एकेक बाण काढायचा. भिंत गेली, बाण आला. जमीन गेली, बाण आला. मी एकदा विचारलं, भिंत पुसलीच तर शिडी पडायला नको का. ते म्हणाले, भिंत गेली तरी तिचा धक्का राहतो. यावरही मी बराच विचार केला. आमच्या सुतारकामात भिंत गेली की काही राहत नाही.

त्यांचं मूळ गाव खाडीकाठचं, शेती सगळी बांधाच्या आतली. खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून माती-दगडाचा बांध असतो, आणि पावसाचं पाणी बाहेर सोडायला त्यात दारं असतात. एका वर्षी बांध दुरुस्त करायचा होता. गावकऱ्यांनी सरांना बोलावलं, सरांनी मला बरोबर नेलं. त्यांनी मातीत काठीनं बांध काढून दाखवला आणि सांगितलं, बांध खाली रुंद पाहिजे, कारण पाणी जितकं खोल तितका त्याचा धक्का मोठा. इथवर सगळ्यांना पटलं. मग ते म्हणाले, पाणी मागे किती लांबवर पसरलंय याचा त्या धक्क्याशी संबंध नाही. मागे हातभर पाणी असो की सगळी खाडी, उंची तीच असली तर धक्का तोच.

एक म्हातारा उकिडवा बसला होता, तो म्हणाला, "म्हंजी मागं येवढा दर्या हाय, तो उगाच उभा हाय व्हय?"

सर म्हणाले, "व्हय. बांधापुरतं बघायचं तर उगाच."

"मंग त्याला सांगा की घरी जायला."

लोक इतके हसले की बैठक तिथंच मोडली. सरही हसले. येताना एसटीत मी म्हटलं, म्हाताऱ्याचं म्हणणं मलाही बरोबर वाटतं. ते म्हणाले, "वाटणारच. मलाही वाटतं. म्हणून तर हिशेब करायचा."

कोलाडजवळ त्यांच्या एका विद्यार्थ्याचं लग्न होतं. सर गेले आणि सगळ्यांसारखे स्टेजवर न जाता स्टेजखाली वाकून बघायला लागले. खाली विटांवर विटा रचून बांबू टेकवले होते. सर बाहेर आले आणि वरातीत आलेल्या मोठमोठ्या लोकांसमोर म्हणाले, मी वर येणार नाही, आणि एका वेळी आठाहून जास्त माणसं चढवू नका. मुलीचे वडील चिडले. सरांनी नवरानवरीला खालूनच अक्षता टाकल्या. स्टेजवर दिवसभर पंधरा-वीस माणसं होती आणि काही झालं नाही. परतताना मी त्यांना डिवचलं, पडलं नाय की हो सर. त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं, "नाय पडलं म्हणजे बरोबर होतं असं नाय, सदाशिव. आणि पडलं म्हणजे चुकीचं होतं असंही नाय." तेव्हा मला ते कोड्यात बोलल्यासारखं वाटलं. आता ते वाक्य मला दिवसातून दोनदा आठवतं आणि दोन्ही वेळा त्याचा वेगळा अर्थ लागतो.

आता गणपतीचं.

पेणच्या कारखानदारांत सरांना मान होता. घरगुती मूर्तीला हिशेब लागत नाही, पण मंडळाची उंच मूर्ती, त्यात नाचता गणपती, एक पाय उचललेला, सोंड पुढे, हात पुढे, असली काही मागणी आली की कारखानदार सरांना बोलवायचे. सर मूर्ती कुठून जड, कुठून पोकळ ते बघत, वहीत आकडे मांडत आणि खालचा लाकडी पाट किती हवा ते सांगत. त्या वर्षी रोह्याच्या मंडळानं नऊ फुटी नाचता गणपती मागितला. कारखाना आमच्या ओळखीच्या नानांचा. सरांनी पाटाचं माप काढलं, पाट मी केला. पुढून मागे किती हवा ते त्यांनी मला कागदावर लिहून दिलं आणि वर म्हणाले, पाव सूत जास्त चालेल, कमी चालणार नाय. मी तसाच केला. चांगला साग होता. तो पाट नानांनी मूर्तीखाली पक्का बसवला.

मूर्ती न्यायच्या दिवशी सर सकाळीच रोह्याला पुढे गेले. मांडवातलं स्टेज त्यांना आधी बघायचं होतं. इकडे दुपारी आम्ही मूर्ती टेंपोत चढवली. मागून येणाऱ्यांना दर्शन व्हावं म्हणून मूर्तीचं तोंड मागे ठेवलं होतं. पाटाची पुढची कड हौद्याच्या बाहेर येत होती आणि टेंपोचा मागचा फाळका लागत नव्हता. मूर्ती आत सरकवायला जागा नव्हती, प्रभावळ केबिनला टेकली होती. ड्रायव्हर म्हणाला, फाळका लागल्याशिवाय मी हायवेला गाडी घालणार नाय. रोह्याहून मंडळाच्या सेक्रेटरीचा फोन दर पाच मिनिटांनी येत होता, बँजोवाले उभे आहेत, मुहूर्त जाईल म्हणून. नानांनी माझ्याकडे बघितलं.

मी करवत घेतली आणि पाटाची पुढची चार बोटं कापून टाकली.

तेव्हा मनात काय होतं ते खरं सांगतो. मला वाटलं, वहीतला माणूस नेहमी थोडं जादा धरतो. लाकूड मी तीस वर्षं बघतोय, पाट किती लागतो हे मला डोळ्यांनी दिसतं. आणि मला थोडं बरंही वाटलं, हेही लिहायला हवं. चौकटीला लावलेला तो ओळंबा मी विसरलो नव्हतो. कापलेल्या कडेला मी रंग फासला, वरून कापड ओढलं, फाळका लागला. नानांना त्यात काही विशेष वाटलं नाही. आमच्याकडे पाट असा थोडाफार सगळेच तासतात. टेंपोवाल्याला मापाचं काही ठाऊक नव्हतं आणि नाना पुढच्याच वर्षी वारले, म्हणजे त्या चार बोटांचा साक्षीदार मी एकटाच उरलो.

रोह्यात मूर्ती स्टेजवर बसली, दुसऱ्या दिवशी प्राणप्रतिष्ठा झाली. ती झाली की मूर्ती जागची हलवत नाहीत, उत्तरपूजा होईपर्यंत. हे सरांनाही माहीत होतं, म्हणून त्यांनी आधीच मूर्तीच्या कोपराखालून ओळंबा सोडून पाटावर पेन्सिलीची खूण करून ठेवली होती. गणपतीच्या तिसऱ्या दिवशी सुट्टीत आम्ही दोघं दर्शनाला गेलो. त्यांनी ओळंबा पुन्हा सोडला. तो खुणेच्या दोन सूत, म्हणजे पाव इंच, पुढे पडला.

सर खाली बसले. पुन्हा सोडला. पुन्हा तसाच. "पुढे दाबतंय," ते म्हणाले. "दाबायला नको होतं." मग त्यांनी वही काढली, आकडे बघितले, आणि माझ्याकडे वळून विचारलं, "सदाशिव, पाट मापानं हाय ना?"

पाटाची पुढची बाजू फुलांच्या आणि नैवेद्याच्या ताटांच्या मागे गेली होती. ती बाजूला काढून त्यांना मोजता आली असती. ते मला विचारून थांबले, कारण विचारलं ते मला होतं, आणि माझा शब्द त्यांना पुरत होता.

"व्हय सर," मी म्हणालो.

"मग प्रश्न मिटला," ते म्हणाले. "मग माझं कुठंतरी चुकलंय."

त्यांनी सेक्रेटरीला सांगितलं, मूर्ती हलवू नका, पण मागून दोरीनं खांबाला बांधा. सेक्रेटरी बाकीच्यांकडे बघून म्हणाला, "बाप्पाला दावं लावायचं म्हणताय व्हय, सर?" आजूबाजूच्या बायकांनी कानाला हात लावले. देवाला बांधून ठेवायचं हे कुणालाच पटेना. शेवटी पाटाच्या मागच्या कोपऱ्यांवर वाळूच्या दोन पिशव्या ठेवायचं ठरलं. सर म्हणाले, पुरणार नाहीत, आणि निदान स्टेजवर कुणाला चढू देऊ नका. होय होय म्हणाले सगळे.

पाचव्या दिवशी दुपारच्या आरतीनंतर मोबाइलवर फोटो काढायला दहा-बारा जण स्टेजवर चढले. पुढची फळी वाकली म्हणतात. मी तिथं नव्हतो. मूर्ती सावकाश पुढे आली, असं ज्यांनी बघितलं ते सांगतात, जणू काही वाकून काहीतरी उचलायला निघाली. खाली शालिनीबाई आरतीचं तबक घेऊन उभ्या होत्या, मंडळातल्याच एका कार्यकर्त्याच्या पत्नी. त्यांच्या डाव्या खांद्यावर मूर्तीचा हात पडला. हाड दोन ठिकाणी मोडलं. तो हात पुढे कधी डोक्यापर्यंत गेला नाही.

भंगलेली मूर्ती त्याच दिवशी कुंडलिका नदीत सोडली. संध्याकाळी मांडवात बैठक झाली. शालिनीबाईंचे यजमान पोलिसांत जायचं म्हणत होते. लोक नानांचं नाव घेत होते, पाटाचं नाव घेत होते, आणि मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो. सर उभे राहिले. "हिशेब माझा होता," ते म्हणाले. "मूर्ती बरोबर होती. पाट बरोबर होता. चूक माझी आहे, ती कुठं आहे ते मला अजून सापडलेलं नाही."

शालिनीबाईंचे यजमान मग एवढंच म्हणाले, "सर, तुम्ही पोरांना शिकवता तरी काय?" पोलिसांत ते गेले नाहीत. ते वाक्य मात्र आठवड्याभरात आमच्या वर्गांतून फिरलं.

मी का उठलो नाही, याची कारणं मी बरीच गोळा केली आहेत. निवृत्ती चार वर्षांवर होती, पोलिसांची भीती होती. पण खरं कारण असं की, सरांनी ज्या खात्रीनं पाट बरोबर होता असं सांगितलं, त्या खात्रीपुढे मलाच क्षणभर वाटलं की मी काही कापलंच नसेल.

सरांनी त्याच वर्षअखेर स्वेच्छानिवृत्ती घेतली. मुलं मागच्या बाकावरून "पडलं, पडलं" म्हणायची, हे एक कारण. दुसरं असं की, फळ्यावर बाण काढताना ते मध्येच थांबायचे आणि काढलेलं पुन्हा तपासत बसायचे. तास संपायचा. कारखानदारांनी बोलावणं बंद केलं. पेणच्या घरी पुढच्या खोलीत त्यांनी एक कलती फळी लावली. मातीचे वीतभर नाचते गणपती स्वतः करायचे, फळीवर ठेवायचे आणि फळी हळूहळू उचलायचे. कुठल्या कोनात मूर्ती पडते ते वहीत लिहायचे. वह्या वाढत गेल्या. त्यांच्या पत्नी, शेवंतीवहिनी, आल्यागेल्याला सांगायच्या, "लोकांकडं भादव्यात गणपती बसतात. आमच्याकडं बारा महिने पडतात."

मी दर महिना-दोन महिन्यांनी जायचो. मित्र होतो ना. ते मला नवी शंका सांगायचे. प्लास्टर आत ओलं असेल का, सोंडेत काथ्या जास्त भरला असेल का, स्टेजची फळी कच्ची असेल का, लोकांचं वजन पुढच्या कडेवर आलं असेल का. मी ऐकायचो. शालिनीबाई मला एकदा रोह्याच्या बाजारात भेटल्या. त्यांनी डाव्या हाताची पिशवी उजव्या हातात घेतली आणि म्हणाल्या, "सरांना सांगा, माझा काय राग नाय." मी तो निरोप त्याच संध्याकाळी पेणला पोचवला. दुसरा निरोप माझ्याकडे होता, तो पोचवला नाही. एवढी वर्षं मी त्यांच्या घरी जाऊन चहा पीत होतो आणि ते माझ्यासमोर ती चूक शोधत होते.

त्यातून माझा गोंधळ वाढतच गेला. त्यांचं ऐकून ऐकून मला वाटायला लागलं की, चार बोटांनी काही झालंच नसेल, फळीनं झालं असेल. दुसऱ्या दिवशी वाटायचं, फळीवर पाटाची कड आत आली म्हणून तर फळी वाकली. दोन वर्षांपूर्वी मी पेणच्या दुकानातून डिप्लोमाच्या मुलांचं स्थितिशास्त्राचं पुस्तक आणलं. वाटलं, आपणच हिशेब करावा आणि एकदाचं कळून घ्यावं. घनांच्या शाखेतच मी अडकलो. त्यात आणखी पोटशाखा निघाल्या, एका प्रतलातली बलं, अनेक प्रतलांतली बलं, घर्षण. प्रत्येक ठिकाणी काही गोष्टी दिलेल्या असतात आणि एक काढायची असते. माझ्याकडे दिलेल्यांतलीच एक खोटी होती, आणि ती खोटी करणारा मीच होतो. अशा गणिताचा धडा त्या पुस्तकात नव्हता.

मग स्मरणिका आली. तो हसरा चेहरा बघून मी पिशवी घेतली आणि सरांकडे गेलो. त्यानंतर तीन आठवड्यांनी ते गेले, झोपेत. त्यांच्या वह्या शेवंतीवहिनींकडे आहेत. त्यांनी मला बघायला बोलावलं होतं, मी अजून गेलेलो नाही. शेवटच्या वहीत काय उत्तर निघालं ते मला माहीत नाही, आणि बघितलं तरी मला समजेल असं नाही. मी सांगू शकतो तो त्या सकाळचा प्रसंग.

सर पुढच्या खोलीत खुर्चीत बसले होते, मांडीवर फळकुट आणि त्यावर वही. वहिनी दारात तांदूळ निवडत होत्या. मी स्मरणिका काढलीच नाही.

"सर, पाट मापाचा नव्हता," मी म्हणालो. "टेंपोचा फाळका लागत नव्हता. पुढून चार बोटं मी कापली. तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो."

ते ओरडतील असं मला वाटलं, रडतीलही वाटलं. मी दोन्हीची तयारी केली होती.

"चार बोटं," ते म्हणाले. "कुणाची?"

"माझी."

"दे हात."

त्यांनी पिशवीतली स्टीलची पट्टी काढली. माझा उजवा हात आपल्या गुडघ्यावर उताणा ठेवला, बोटं जुळवली आणि पट्टी आडवी धरली. त्यांनी दोनदा मोजलं. "पावणेआठ सेंटिमीटर. तेव्हा बोटं जरा जाड असतील तुझी. कड सरळ कापलीस की तिरकी?"

"सरळ."

"दोन्ही टोकांना सारखी?"

"सारखी."

सूप खाली ठेवल्याचा आवाज आला. वहिनी उठून उभ्या राहिल्या होत्या. सोळा वर्षांत त्या मला कधी मोठ्यानं बोलल्या नव्हत्या, तशा त्या आताही बोलल्या नाहीत.

"भावोजी, हितं बसून तुम्ही किती चा प्यालात," त्या म्हणाल्या. "एका कपासोबत तरी बोलायचं होतंत. हा माणूस जेवता जेवता उठून त्या फळीकडं जायचा. मी म्हणायची, जाऊ द्या आता, देवाची मर्जी. तर म्हणायचा, देवाचं नाय गो, माझंच कायतरी हाय."

मी सरांकडे बघितलं. ते वहिनींचं ऐकतच नव्हते, किंवा ऐकूनही त्यांना ते आता महत्त्वाचं वाटत नव्हतं. त्यांनी वहीचं कोरं पान न काढता सगळ्यात पहिलं पान उघडलं होतं. ते पान मी त्या दिवशी प्रथमच बघितलं. वर लिहिलं होतं, 'दिलेले', आणि खाली एकाखाली एक गोष्टी होत्या. मूर्तीची उंची, नानांकडून, अंदाजे. वजन, अंदाजे. फळीची जाडी, स्वतः मोजली, पण एकाच जागी. लोक, दहा ते बारा, ऐकीव. प्रत्येकीपुढे अशी काही ना काही शंका. एकाच ओळीपुढे शंका नव्हती. 'पाट, पुढून मागे साडेतीन फूट. सदाशिवकडून. खात्रीचे.'

त्यांनी लाल पेन घेतलं. साडेतीन फुटांना त्यांनी हात लावला नाही. आधी 'खात्रीचे' या शब्दावर एक रेघ मारली, पट्टी लावून, सरळ. मग माझ्याकडे बघितलं, आणि वर्गात मुलं विचारायची तशा आवाजात म्हणाले, "म्हणजे माझं चुकलं नसेलही, नाय का?"

मी होय म्हणालो. मग मला भीती वाटली, म्हणून म्हणालो, नक्की नाय सर, मला कळत नाय.

"तुला कळायचं नाय," ते म्हणाले. "तू बस. मला वेळ लागेल." आणि वहीवर वाकले.

मी बसून राहिलो. वहिनींनी चहा केला नाही. तासाभरानं मी उठलो, येतो म्हणालो, तेव्हा त्यांनी मान वर केली नाही, फक्त डाव्या हातानं मला थांब म्हणून खूण केली, आणि उजव्या हातानं खाली बाण काढत राहिले.